जुनेपणाचा दंड

एखाद्या वस्तूचें वय हाच तिचा अपराध ठरविणारा कायदा कितीहि सद्धेतूनें केलेला असो, त्यास न्याय्य म्हणतां येणार नाहीं. जपानांत असा कायदा आज अंमलांत आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीला पहिल्या नोंदणीपासून 13 वर्षें झालीं, कीं तिचा वार्षिक कर शेंकडा सुमारें 15 नें वाढतो. दीड ते दोन लिटरच्या एंजिनाला 39,500 येनांऐवजीं 45,400 येन मोजावे लागतात. वजनावरील करहि 13 वर्षांनीं एकदां आणि 18 वर्षांनीं पुन्हां चढतो.

हा भार कोणावर पडतो तें पाहावें. निस्सान कंपनीनें 1969 सालीं ‘फेअरलेडी झेड’ ही दोन आसनांची वेगवान गाडी आणली. अमेरिकेंत ती ‘डाटसन 240 झेड’ या नांवानें गाजली. अशी गाडी घरच्या छपराखालीं जिवंत ठेवणें हें श्रीमंती मिरविण्याचें काम नव्हे. तिचा पत्रा गंजतो, आणि तोहि सहज दिसेल तेथें नव्हे. बॅटरीच्या बैठकीखालीं, पायांखालच्या तळांत, दारांखालच्या कडांत. सडलेला भाग कापून तेथें नवा पत्रा जोडावा लागतो. नुसता रंग फासल्यानें रोग झांकतो, बरा होत नाहीं. सहा सिलिंडरांच्या बारा झडपा. एंजिन तापलें असतां आंत घेणाऱ्या झडपेला 0.25 आणि धूर सोडणाऱ्या झडपेला 0.30 मिलिमीटर फट ठेवावी लागते. दोन कार्बुरेटरांनीं हवा सारखीच ओढली पाहिजे. तसें न झाल्यास एंजिन अडखळतें आणि पेट्रोल वायां जातें. म्हणजे जो मालक स्वतःच्या हातांनीं ही निगा राखतो, तो धूरहि कमी करीत असतो. आणि दंड नेमका त्यालाच!

कोणी म्हणेल, जुनें एंजिन अधिक धूर ओकतें. हें खरें आहे, आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु धूर निघतो तो गाडी चालल्यानें, तिचें वय वाढल्यानें नव्हे. केवळ रविवारीं सकाळीं बाहेर पडणारी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धांवणारी तितकीच जुनी गाडी, या दोहोंस कर एकच! शिवाय जपानांत अशा गाडीची दर दोन वर्षांनीं सक्तीची तपासणी होते. तींत ब्रेक, दिवे, धूर सारें पाहिलें जातें. जुन्या गाडीस तेथें धुराचें माप सैल आहे, असें आक्षेपक म्हणतील. तर मग तें माप आवळावें. त्यास आमची हरकत नाहीं. पण उत्तीर्ण झालेल्यास पुन्हां वयाबद्दल शिक्षा करणें हा आपल्याच परीक्षेवरचा अविश्वास नव्हे काय? आणि जुनी मोडून जी नवी गाडी घ्यावयाची, तिचें लोखंड आणि कांच कांहीं धुरावांचून तयार होत नाहींत.

इतरत्र काय चालतें? जर्मनींत 1997 पासून, 30 वर्षांवरील आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीस निराळी नंबरपाटी मिळते व वर्षाला 191.73 युरो एवढा ठराविक कर पडतो. ब्रिटनमध्यें 40 वर्षांवरील गाडीस वाहनकर माफ होतो. त्या देशांतील लोकांना स्वच्छ हवा नको आहे, असें कोणी म्हणणार नाहीं. खुद्द जपानी कारखानदारांनींहि आपला कौल दिला आहे. माझ्दानें 2017 सालीं आपल्या पहिल्या रोडस्टर गाडीच्या जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली. टोयोटानें 2020 सालीं ‘2000 जीटी’ या गाडीचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हां घडविण्यास आरंभ केला. गाडी घडविणारा म्हणतो ‘जपा’, आणि सरकार म्हणतें ‘मोडा’.

आमचें म्हणणें एवढेंच, कीं गाडी किती धांवली आणि तिनें किती धूर सोडला हें सरकारनें खुशाल विचारावें, व त्याप्रमाणें कर घ्यावा. ती कोणत्या सालीं जन्मली, हें विचारण्याचें कारण नाहीं.