नळाचा शेजार

दिवाळीच्या अंकात गटाराचा विषय! चकलीचा तुकडा तोंडात धरून हे पान उघडणाऱ्या वाचकांनी नाक मुरडले, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. पण जरा विचार करावा. आपली दिवाळी सुरू कशाने होते? पाण्याने. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल-उटणे लावून अंगावर घेतलेल्या पहिल्या तांब्याखेरीज फराळाच्या ताटाला हात लावावयाचा नसतो. पूर्वी ते पाणी बंबात तापे, आता गीझरमध्ये तापते, एवढाच फरक. ते येते कोठून, हे जसे आपण विचारीत नाही, तसेच उटण्यासकट मोरीत गेलेले पाणी पुढे कोठे जाते, हेही विचारीत नाही. नळ आपला, मोरीच्या जाळीपलीकडचे सारे म्युनिसिपालिटीचे! पायाखाली कारीट फोडून आपण दर वर्षी नरकासुराला मारतो, आणि खरा नरक मात्र रस्त्याखाली दोन-चार हातांवर सुखाने नांदत असतो.

तो एकटा नांदत असता तरी हरकत नव्हती. पण पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्या शेजारीच राहतो. आजचे आमचे बोलणे या शेजाराबद्दल आहे.

मुंबईचेच उदाहरण घेऊ. १८५४ साली या शहरात पाण्याची भयंकर टंचाई पडली. विहिरी आणि तलाव यांच्या भरवशावर एवढे मोठे बंदर चालणार नाही, हे सरकारला तेव्हा पटले. हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणे विहारचा तलाव बांधला गेला आणि १८६० साली मुंबईत नळाचे पाणी आले. आनंदीआनंद झाला असेल! पण आलेले पाणी वापरून झाल्यावर जायचे कोठे, याचा धड बंदोबस्त नव्हता. हिंदुस्थानात कधीही पाऊल न ठेवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंना लंडनमध्ये बसून हे दिसले. मुंबईला पाणी मिळाले पण निचरा नाही, कलकत्त्यात निचऱ्याचे काम चालले आहे पण पाणी नाही, आणि मद्रासच्या वाट्याला दोन्ही नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी १८६३ साली लिहून ठेवले. एकाच कामाचे हे दोन अर्धे तुकडे वेगळे करू नयेत, हे त्यांचे सांगणे होते.

ते कोणी किती ऐकले? विहारमागून १८७९ मध्ये तुळशी आला, १८९२ मध्ये तानसा. मग वैतरणा, म्हणजे आताचा मोडकसागर; पुढे ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. पार इगतपुरीच्या अंगाचे पाणी मुंबईकराच्या हंड्यात पडू लागले. आज रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी शहरात येते. आणि परतीची वाट? सांडपाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे नुसता गाळून-चाळून वरळी-वांद्र्याहून समुद्रात तीन किलोमीटरहून अधिक आत सोडला गेला. सात मोठ्या मलजल प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन झाले ते २०२३ च्या जानेवारीत. म्हणजे विहारचा नळ सुरू झाल्यावर १६३ वर्षांनी!

त्या विहारचीच आणखी एक गंमत आहे, पण हसू येऊ नये अशी. त्याचे पाणी दोन वाटांनी शहरात येते. एक वाट जलशुद्धीकरण केंद्रातून नळाची. दुसरी वाट पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या सांडव्याची; तिला पवईचे पाणी मिळते आणि त्यांची मिठी नदी होते. अठराएक किलोमीटरांत, माहीमच्या खाडीला पोहोचेपर्यंत, या नदीत पाणी किती आणि सांडपाणी किती, हे नाकच सांगते. एका आईच्या दोन मुली. एकीला आपण देवघरात नेतो आणि दुसरीच्या अंगावर कचऱ्याची टोपली उपडी करतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही दुसरी मुलगी लोकांच्या घरांत शिरली. त्या दिवशी घर कोणते आणि गटार कोणते, याचा भेदच उरला नाही.

वाचक म्हणतील, “ते खरे, पण भांडुपला पाणी शुद्ध करतात ना?” करतात, आणि चांगले करतात. अडचण भांडुपच्या पुढे आहे. जलवाहिनी जमिनीखालून जाते. तिला सांधे असतात, गंज असतो, भेगा असतात. नळाला जोर असतो तोवर भेगेतून पाणी बाहेर झिरपते. तेवढे नुकसान पैशाचे. पण आपल्या बहुतेक शहरांत पाणी काही तासच सोडतात. पाणी बंद झाले की नळातला जोर जातो, नळ रिकामा होऊ लागतो, आणि जे बाहेर जात होते तेच आत येऊ लागते. शेजारची मलवाहिनी फुटकी असेल, तर तिथली ओल याच भेगेतून नळात शिरते. त्यात कोणी हुशार गृहस्थ पालिकेच्या नळालाच पंप जोडून पाणी ओढू लागले, म्हणजे पाहावयासच नको. पंपाला पाण्याची आणि घाणीची जात कळत नाही. तो दोन्ही सारख्याच प्रेमाने ओढतो.

हे आमचे तर्कट नव्हे. हुबळी-धारवाडला एका भागात चोवीस तास पाणी आणि दुसऱ्या भागात अधूनमधून, अशी व्यवस्था होती. संशोधकांनी दोन्हीकडच्या नळांचे पाणी तपासले. अधूनमधून येणाऱ्या पाण्याच्या नमुन्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत विष्ठेतले जंतू सापडले. सतत वाहणाऱ्या नळांत शंभरात जेमतेम एखाद्या नमुन्यात. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पाणी सुटल्याबरोबरची पहिली धार सर्वांत वाईट, हेही त्यांना पुढे दिसून आले.

“पण क्लोरीन असते की!” असते, आणि असावेच. परंतु क्लोरीन म्हणजे गंगाजल नव्हे. दिल्लीकरांना हे फार महागात कळले. १९५५ च्या नोव्हेंबरात नजफगडच्या नाल्याचे घाण पाणी यमुनेत उलटे सरकून वझिराबादला पोहोचले. तेथूनच शहराचे पिण्याचे पाणी उचलले जाई. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली आणि विषमज्वराची साथ उद्भवली नाही. सारे निभावले असे वाटते न वाटते तोच, डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार माणसे काविळीने आजारी पडली. गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. जंतू मेले होते, पण त्यांहून सूक्ष्म असा विषाणू तरून गेला होता. तो आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखला जातो, हे जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी सिद्ध झाले. गटार एकदा नळात आले, की औषधाने त्याचे तीर्थ होत नाही.

ज्यांच्या घरी आरओचे यंत्र आहे, ते म्हणतील की आम्हांला भीती नाही. त्यांनी पाणीपुरी कोठे खाल्ली, ते आठवावे! आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्यांचे काय? झोपडवस्त्यांत कित्येक ठिकाणी नळाच्या बारीक पाइपांची जुडी उघड्या गटारातूनच नेलेली असते, कारण दुसरी जागाच नसते. अधिकृत जोडणी मिळत नाही म्हणून माणूस पाण्यावाचून राहत नाही; तो मिळेल तेथून घेतो. झोपडी बेकायदा असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ च्या डिसेंबरात पालिकेला सुनावले. कायद्याचे जाऊ द्या. नुसत्या स्वार्थाने पाहिले तरी त्यात शहाणपण आहे. जमिनीखालच्या नळाला चाळ, झोपडी आणि टॉवर हे भेद ठाऊक नसतात.

मग आपण करावे काय? थोडेच, पण नेमाने. पाणी सुटल्यावरची पहिली धार पिण्यासाठी भरू नये. ती मोरी धुण्याला ठेवावी. पाण्याला वास किंवा रंग आला, तर ‘आज जरा गढूळच आहे’ म्हणून गप्प न बसता वॉर्ड ऑफिसात तक्रार लिहून द्यावी, तिचा नंबर घ्यावा, आणि पाणी निवळेपर्यंत ते खळखळ उकळूनच प्यावे. सोसायटीची टाकी वेळच्या वेळी धुवावी. पालिकेच्या नळाला लावलेला पंप काढावा; शेजाऱ्याने लावला असेल, तर वाईटपणा घेऊन त्याला सांगावे.

आणि मोठे काम म्हणजे प्रश्न विचारणे. धरणाच्या भूमिपूजनाला हार-तुरे असतात, फोटो असतात. फुटकी मलवाहिनी बदलताना फोटो कोण काढणार? म्हणूनच ती बदलायची राहून जाते. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल आणि हात जोडून म्हणेल, “ताई, दादा, तुम्हांला भरपूर पाणी देतो.” त्याला चहा जरूर द्यावा, आणि शांतपणे एवढेच विचारावे: “देता ते ठीक, पण नेणार कोठून?”