तळ्याचा फोटो आहे का कुणाकडे?

परवा रात्री मावसभावाचा फोन. "दादा, १५०-६०० घेऊ की २००-८००?" हा पठ्ठ्या पुण्यात असतो, पक्ष्यांचं वेड लागून जेमतेम सहा महिने झालेत. मी म्हटलं, "घरात पडलेली १८-५५ आहे ना, ती आधी बाहेर काढ." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. बाकीच्या लेन्सवाल्या मंडळींनीही वाचावं आणि हवं तर भांडावं.

आधी थोडा इतिहास, कारण मेख तिथेच आहे. १९५९ साली निकॉनने एफ कॅमेऱ्यासाठी ८५-२५० ची टेलिफोटो झूम काढली. मग १९७० च्या आसपास त्यांचीच ८०-२००, दिवसभर गळ्यात घालून फिरता येईल एवढी आटोपशीर. १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मध्ये हाताची थरथर सावरणारी यंत्रणा बसवली. एसएलआरच्या लेन्समध्ये ती पहिलीच. १९९८ ला त्यांची १००-४००. नळी पुढेमागे ढकलून झूम व्हायची, म्हणून लोक तिला धुळीचा पंप म्हणून चिडवायचे (आणि तरीही घ्यायचे!).

खरा धमाका झाला २०१३ च्या शेवटी, टॅमरॉनने १५०-६०० जाहीर केली तेव्हा. तोवर ६०० म्हणजे बहुतेक वेळा एकाच अंतराची, एफ/४ ची, बादलीएवढी लेन्स. किंमत एखाद्या चारचाकीची. आपण फक्त दुरून बघायची. टॅमरॉनने काय केलं, तर लांबच्या टोकाला एफ/६.३ वर समाधान मानलं. प्रकाश कमी येतो, पण तोवर कॅमेऱ्यांचे सेन्सर इतके सुधारले होते की आयएसओ चढवून भागायला लागलं. वजन दोन किलोच्या आत. पुढच्या दोन वर्षांत सिग्माच्या दोन १५०-६०० आल्या, निकॉनची २००-५०० आली. नोकरदार माणूस ईएमआयवर ६०० घेऊ लागला. मीही घेतली. २०२३ मध्ये कॅननची २००-८०० आणि निकॉनची १८०-६०० आली.

आता गंमत बघा. सगळे दुसरा आकडा बघतात. तुम्ही पहिला बघा. ८५, ८०, ७५, १००, १५०, २००. झूम लांब होत गेली तसं तिचं जवळचं टोकही लांब पळत गेलं. साहजिक आहे, वजन आणि किंमत आवाक्यात ठेवून ५० पासून ६०० पर्यंत सगळं चांगलं देणं सोपं नाही. पण याचा अर्थ असा, की तुम्ही पक्ष्याच्या नादात जी लेन्स लावून उभे आहात तिच्यातून समोरचं तळं दिसूच शकत नाही. इच्छा असली तरी नाही!

हिशोब करा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० लावली, तर शंभर मीटरवरची फक्त सहा मीटर रुंदी फोटोत येते. पूर्ण मागे आणून १५० केली तरी चोवीस मीटर. किट लेन्सच्या १८ वर (छोट्या सेन्सरवर) तीच रुंदी सव्वाशे मीटरच्या आसपास जाते. हात लांब करून दोन अंगठे शेजारी धरा, साधारण तेवढं जग ६०० दाखवते.

आमच्या शिरवण्याहून स्कूटर काढली की पाम बीच रोड ओलांडून नेरूळचं डीपीएस तळं पंधरा-वीस मिनिटांवर. ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो हो, पण रोहित किती छान शब्द आहे) ठाणे खाडीच्या चिखलात चरतात आणि भरती आली की या तळ्यांवर येऊन विसावतात. म्हणजे खाडी हे त्यांचं ताट आणि तळं ही ओसरी. त्या दोन अंगठ्यांत काय येतं? गुलाबी मान, पाण्यातलं प्रतिबिंब, मागे मऊ धूसर हिरवं. काय येत नाही? टॉवर, बांध, राडारोडा, आणि भरतीचं पाणी आत आणणारे पाइप. असे फोटो बघून कुणालाही वाटेल, आफ्रिकेतलं एखादं निर्जन सरोवर आहे. ही शुद्ध फसवणूक आहे आणि ती आपण फार प्रेमाने करतो.

यावर उत्तर ठरलेलं असतं, "लांब लेन्समुळे पक्ष्याला त्रास होत नाही." तत्त्वतः शंभर टक्के खरं. पण भरतीच्या वेळी बांधावर जाऊन बघा. ६०० वाला ३०० वाल्याच्याही पुढे, चिखलाच्या कडेला. का, तर डोळ्यातली चमक हवी! उडतानाचा फोटो मिळावा म्हणून टाळ्या वाजवणारे महाभागही पाहिलेत. लेन्सने दिलेलं अंतर आपण पक्ष्याला देत नाही, फ्रेम भरण्यात खर्च करून टाकतो.

बरं, हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीचं पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तळं आटलं. त्या हंगामात तिथे रोहित मेले. पाणथळींसाठी धडपडणाऱ्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्यांचा मेसेज आला, "तुमच्याकडे आधीच्या वर्षांचे तळ्याचे फोटो असतील ना? पाणी कुठवर असायचं ते दाखवायचंय." मी मोठ्या तोऱ्यात हार्ड डिस्क लावली. रोहितांचे अकरा हजारांवर फोटो. माना, पंख, चोची, पिल्लांचे राखाडी रंग. रात्री दोनपर्यंत शोधलं. तळ्याचा एकही नाही. बांधाची कड दिसेल असाही नाही. लाज वाटली हो.

शेवटी मिळाला तो बायकोच्या जुन्या मोबाइलमध्ये. जानेवारी २०१९. तिने माझी टिंगल करायला पाठीमागून काढलेला. मी ट्रायपॉडवर वाकलेलो, टोपी उलटी, आणि माझ्या पलीकडे पार दगडांपर्यंत पाणी, पाइपचं तोंड, मागे इमारती, दूरवर गुलाबी ठिपके. तोच पाठवला.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तीस एकरांचं तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. धडपड करणाऱ्यांचं श्रेय. माझ्या अकरा हजार फोटोंचं त्यात काडीचंही नाही.

तर मावसभाऊराव, १५०-६०० घे, चांगली आहे. पण पहिला फोटो १८ वर, बांधावरच्या ठरावीक जागेवरून, तारखेसकट. मग काय चोची काढायच्यात त्या काढ. आणि इथे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे २०२४ च्या आधीचे तळ्याचे रुंद फोटो असले, तर मला पाठवा. सेल्फी चालतील, हललेले चालतील. रोहित नसले तरी चालेल.