यंत्र गप्प झालं म्हणजे काम झालं?



आज जरा भांडायच्याच मूडमध्ये लिहितोय. भांडण आहे ते कोड तपासणाऱ्या यंत्रांच्या आकड्यांवरून माणसांना मार्क देणाऱ्या साहेबलोकांशी.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडक्यात. आम्ही लिहिलेला प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या खोडी काढणारी सॉफ्टवेअर्स असतात. त्यातलं जुनं म्हणजे 'लिंट', बेल लॅब्जच्या स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास लिहिलेलं. नाव कपड्याला चिकटणाऱ्या तुसावरून. इथे ओळ नीट मांडली नाही, हे नाव कुठे वापरलंच नाही, हे फंक्शन फार गुंतागुंतीचं झालं... अशी तक्रारींची यादीच ही यंत्रं हातात ठेवतात.

आता ही गुंतागुंत मोजायची कशी? थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये सोपा हिशोब दिला. फंक्शनमध्ये 'जर-तर'चे फाटे मोजा, त्यात एक मिळवा. उत्तर दहाच्या वर गेलं तर तुकडे करा. पण त्याच लेखात त्यांनी हेही बजावलं होतं की दहा हा रास्त आकडा आहे, जादूचा नाही. आणि एकापुढे एक सुटी प्रकरणं मांडलेली असतील तिथे ही मर्यादा लावणं बरोबर नाही. नियम सगळ्यांनी उचलला, अपवाद लेखातच राहिला!

उदाहरण घ्या. महाराष्ट्राचे जिल्हे ३६. 'जिल्हा अमुक असेल तर तमुक क्रमांक' अशी ३६ प्रकरणं एका फंक्शनमध्ये लिहिली की गुंतागुंत ३७. नापास! वाचायला मात्र शाळकरी पोरालाही जमेल. आता त्याचे चार तुकडे करा, प्रत्येकात नऊ जिल्हे. प्रत्येक तुकड्याची गुंतागुंत बरोब्बर १०. यंत्र खूष. आणि पुढे दुरुस्तीला येणारा बिचारा आपला जिल्हा चार ठिकाणी हुडकत बसणार.

ही कल्पना नाही. पुण्यात एका ठिकाणी काम करताना हेच डोळ्यांनी पाहिलंय. दर महिन्याला कोणाच्या नावावर किती तक्रारी, याचा तक्ता लागायचा. एकाने असेच तुकडे केले, शाबासकी मिळवली. दुसऱ्याने फंक्शन तसंच ठेवून वर कारण लिहिलं, तर पगारवाढीच्या बैठकीत त्याला तोच आकडा दाखवला गेला. पहिल्याच नोकरीवरची, आमच्या कन्नड-सिल्लोडकडून आलेली पोरं यातून काय शिकणार? विचार करू नको, आकडा खाली आण, एवढंच.

आमच्या पिशोरला हे कोणालाही पटेल. मका विकायला नेला की ओलाव्याचं मीटर लागतं. सरकारी खरेदीत १४ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. मीटर हवंच, नाहीतर व्यापारी दाणा दाताखाली चावून म्हणेल तो भाव. पण दाण्याला कीड लागलीय का, हे ओलाव्याचं मीटर सांगत नाही. आणि आकडा जास्त आला तर मका वाळवायचा असतो. मीटरमध्ये निवडून कोरडे दाणे टाकायचे नसतात.

यंत्राला नुसतं गप्प केलं की काय होतं ते डेबियनवाल्यांनी भोगलंय. २००६ मध्ये त्यांच्याकडे ओपनएसएसएलच्या कोडबद्दल तपासणी यंत्राने तक्रार केली आणि ती थांबवायला मजकूर काढून टाकला गेला. गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा बेभरवसेपणा त्यातूनच येत होता. मे २००८ मध्ये उघडकीस आलं की प्रत्येक प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. कुलूप होतं, पण कोणीही उघडावं असं.

म्हणून यंत्रं फेकून द्या म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत :-) फेब्रुवारी २०१४ मध्ये अ‍ॅपलच्या सुरक्षेच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. आत सरकवून लिहिल्यामुळे ती 'जर'च्या पोटातली वाटायची, प्रत्यक्षात ती बाहेर होती आणि पुढची तपासणी होतच नव्हती. २०१६ च्या जीसीसी ६ मध्ये अशा फसव्या मांडणीसाठी खास इशारा आला. तेव्हा 'स्टाइल काय, नुसती हौस' म्हणणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं.

यंत्रांचे सगळेच इशारे खरे नसतात, हे यंत्रं बनवणारेही जाणतात. पुण्यात १९८१ पासून असलेल्या टाटांच्या टीआरडीडीसी केंद्रात कोड तपासणारी साधनं घडली, आणि तिथल्याच तुकाराम मुस्के यांनी सहलेखकासोबत २०१६ मध्ये या इशाऱ्यांचं करायचं काय, यावरच्या पद्धतींचा आढावा लिहिला. बनवणाऱ्यांना शंका आहे, वापरणाऱ्या साहेबाला मात्र नाही!

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक तक्रारीला दोन उत्तरं मान्य असावीत: दुरुस्त केलं, किंवा तसंच ठेवलं आणि का ते लिहिलं. दुसरं उत्तर दुसऱ्या माणसाने वाचून तपासावं. आणि तो आकडा कोणाच्याही पगाराच्या कागदावर कधीच येऊ नये. यंत्राने बोट दाखवावं, बघायचं काम आपलं.

पटत नसेल तर खाली भांडायला या. तूर्तास इतकंच.