गुरूंपुढे न बसलेला शिष्य

रेडिओ सिलोन म्हटले की आपल्याकडे बुधवारची रात्र आणि 'बिनाका गीतमाला' आठवते. ती सुरू झाली १९५२ च्या डिसेंबरात. त्याच साली त्याच केंद्राच्या सिंहली विभागात एक नाट्य घडले, आणि त्यात एक मराठी माणूस होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

नभोवाणीवर गाणाऱ्या कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांची प्रतवारी लावायचे तिथल्या अधिकाऱ्यांनी ठरवले. परीक्षक म्हणून बोलावले पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांना. भातखंडेबुवांचे पट्टशिष्य, लखनौच्या संगीत विद्यालयाचे प्राचार्य! एवढा अधिकारी पुरुष परीक्षेला बसलेला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

सुनील शांत नाही म्हणाला.

गंमत अशी, की हा गृहस्थ त्याच लखनौच्या विद्यालयाचा विद्यार्थी. जन्म १९१५ चा, कोलंबोच्या उत्तरेकडील जा-एल या गावच्या परिसरातला. घर ख्रिस्ती, मूळ नाव डॉन जोसेफ जॉन. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवले. शाळामास्तरकी करता करता गाण्याने झपाटले, तेव्हा शांतिनिकेतन आणि मग लखनौ गाठले. गायन आणि सतार या दोन्हींत विशारद होऊन तो मायदेशी परतला आणि नावही बदलून बसला.

त्या वेळचे सिंहली गाणे म्हणजे बव्हंशी उसनवारी. मुंबईहून गेलेल्या पारशी नाटक मंडळ्यांनी तिकडच्या रंगभूमीला हिंदुस्थानी चालींची गोडी लावली होती. पुढे बोलपट आले आणि हिंदी चालींवर सिंहली शब्द बसवण्याचा धंदाच सुरू झाला. सुनीलने हे झिडकारले. कुमारतुंग मुनिदास या भाषापंडिताच्या शुद्ध सिंहलीच्या चळवळीने त्याला ओढले होते. आपल्या बोलीतच आपली चाल दडलेली आहे, असा त्याचा आग्रह. 'ओलु पिपीला', म्हणजे कुमुद उमलले, हे त्याचे गाणे ऐका: तान नाही, हरकत नाही, पोरासोरांना सहज म्हणता यावे असे सरळ.

आता असल्या गाण्याला गुण द्यायचे ते कोणत्या मापाने? गुरूंबद्दल अनादर नव्हता. पण सिंहली गाण्याची किंमत भारतातून आलेल्या पंडिताने ठरवावी, हे त्याला मान्य नव्हते. नभोवाणीचे दार बंद झाले. आणि त्या काळी गवयाला दुसरे दार कोठले हो! मानी माणसाची ही किंमत घरातल्या चुलीला मोजावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

गंमत पुढेच आहे. तुमचे संगीत तुमच्या लोकगीतांतून शोधा, हाच सल्ला रातंजनकरांनी तिथल्या मंडळींना दिला! तो मनावर घेऊन अमरदेव पुढे थोर झाला. तोही लखनौचाच, वाईच्या विष्णु गोविंद जोगांकडे व्हायोलिन शिकलेला. २००१ साली त्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुरुशिष्य एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होते, आणि मधे परीक्षेचे टेबल आडवे आले, असे मला राहून राहून वाटते. दोष मी रातंजनकरांना देणार नाही. पण शिष्याला हट्टी म्हणायलाही जीभ रेटत नाही.

१९५६ साली लेस्टर जेम्स पेरिस यांचा 'रेखाव' हा चित्रपट आला. परक्या स्टुडिओंतल्या भिंती सोडून सिंहली खेड्यात, उघड्यावर चित्रित केलेला. त्याला संगीत होते सुनील शांतचे. १९८१ च्या एप्रिलात तो वारला. 'ओलु पिपीला' अजून गायले जाते.