पाठ झालेली विद्या आणि हातीं आलेली विद्या

आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कोणी परिचारिकेचें शिक्षण घेतात, कोणी व्यवस्थापनशास्त्राकडे वळतात, तर कोणी मानसशास्त्र निवडतात. यांतील बहुतेक मुलें न्हावा शेवा व आसपासच्या गांवांतील आहेत. येथील बंदर ता. २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. परंतु त्यापूर्वींच बंदरासाठीं व नव्या मुंबईसाठीं या पट्ट्यांतील भातशेती आणि मिठागरें गेलीं होतीं. १९८४ च्या जानेवारींत शेतकऱ्यांनीं न्याय्य मोबदल्यासाठीं लढा दिला व त्यांत पांच जणांचे प्राण गेले. ज्या घरांत आतां शेत उरलें नाहीं, त्या घरानें आपली सारी आशा मुलांच्या शिक्षणावर ठेविली आहे. तेव्हां हें शिक्षण कसें असावें, हा आमच्या पालकांस केवळ वादाचा प्रश्न नाहीं. तो भाकरीचा प्रश्न आहे.

आमचें मत असें कीं, सिद्धांत पाठ झाला म्हणजे विद्या आली असें नव्हे. हें आम्ही इतरांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. आमचीच चूक आम्हांस आठवते. कांहीं वर्षांपूर्वीं एका वर्गाला आम्हीं प्रथमोपचाराचा धडा शिकविला. परीक्षेंत उत्तरें सुरेख आलीं. पुढें थोड्याच दिवसांनीं, कवायत चालू असतां, एक मुलगी घेरी येऊन पडली. पैकींच्या पैकीं गुण मिळविणारीं मुलें तिच्याभोंवतीं कडें करून उभीं राहिलीं. आम्ही स्वतः तिच्या तोंडीं पाणी घालण्याची घाई करूं लागलों. इतक्यांत शाळेचे शिपाईमामा धांवत आले. त्यांनीं गर्दी हटविली, तिला सावलींत उताणें निजविलें, पाय उंच धरले, आणि ‘शुद्ध येईपर्यंत पाणी देऊं नका, गुरुजी’ असें आम्हांस बजाविलें. मुलगी लवकरच सावरली. आम्ही मात्र शरमलों. धडा आमचा होता, विद्या त्यांची होती.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, पुस्तकें निरुपयोगी आहेत. शिपाईमामांनीं जें केलें, तेंच आमच्या पुस्तकांत लिहिलें होतें. उणीव पुस्तकाची नव्हती, तर पुस्तक व हात यांची गांठ घालून देण्याची होती. ती गांठ कशी पडते, याचें उत्तम उदाहरण शोधण्यास परदेशीं जावयास नको. तें आपल्या महाराष्ट्रांतच आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें ख्रिस्ती दांपत्य वेल्लोर येथें वैद्यक शिकलें, पुढें अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेऊन आलें, आणि १९७० सालीं त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील जामखेड या दुष्काळी भागांत कामास लागलें. गांवोगांवीं शिकलेली परिचारिका नेमावी, म्हणजे रोग हटतील, अशी त्यांची योजना होती. योजना शास्त्रशुद्ध होती, परंतु चालली नाहीं. परक्या तरुण मुलीवर गांवाचा विश्वास बसेना, आणि तिचेंही मन तेथें रमेना. दुसऱ्या एखाद्यानें गांवकऱ्यांस अडाणी म्हटलें असतें. आरोळ्यांनीं योजनाच बदलली. गांवांतीलच बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केलें. त्यांतील पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजांतील होत्या.

येथें तीन शास्त्रें एकत्र आलीं. जन्मभर तुच्छ लेखिलेल्या बाईला आधीं ‘मी कोणी तरी आहें’ असें वाटल्यावांचून ती दुसऱ्यास कांहीं शिकवूं शकत नाहीं, हें मानसशास्त्र. म्हणून शिक्षणाच्या वेळीं निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत व एकत्र निजत. सुरक्षित बाळंतपण, तान्ह्या मुलाचें वजन, हगवणींत साखर-मिठाचें पाणी, हें शुश्रूषाशास्त्र. आणि लोकांस प्रथम काय हवें तें विचारून त्यांच्याच हातीं काम सोंपविणें, हें व्यवस्थापन. गांवांनीं औषध मागितलें नाहीं; अन्न व पाणी मागितलें. तेव्हां दवाखान्याच्या डॉक्टरांनीं पाण्याच्या सोयींत लक्ष घातलें, आणि हातपंप दलित वस्तींत बसतील अशी दक्षता घेतली. सर्वांस पाण्यासाठीं तेथेंच यावें लागलें. अस्पृश्यतेवर शंभर व्याख्यानें देऊन जें झालें नसतें, तें एका पंपानें पुष्कळसें साधलें.

आरंभीं त्या गांवांत हजार अर्भकांमागें सुमारें १७६ दगावत; पुढील पंचवीस वर्षांत हें प्रमाण तिसांच्या खालीं आलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें या कार्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. याजक व लेवी यांस धर्मशास्त्र मुखोद्गत होतें, तरी ते बाजूनें निघून गेले. शोमरोन्यानें जखमा बांधल्या, एवढेंच नव्हे. त्या माणसाला उतारशाळेंत नेलें, पैसे दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन असें सांगितलें. दया त्याच्यापाशीं होती, आणि व्यवस्थाही होती.

कांहीं पालक म्हणतील, ‘गुरुजी, आधीं गुण मिळूं द्या, गुणांवांचून दार कोण उघडतो?’ हें खरें आहे, आणि गरिबाच्या मुलास तर अधिकच खरें आहे. परंतु गुण दार उघडतात. आंत गेल्यावर काम हातांनाच करावें लागतें. रुग्णाच्या उशाशीं उभ्या असलेल्या मुलीला कोणी प्रगतिपुस्तक विचारीत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची एक सूचना आहे. दर आठवड्यास शिकलेली एक गोष्ट घरीं किंवा वस्तींत करून पाहा, आणि वहींत तीन ओळी लिहा: पुस्तक काय म्हणालें, प्रत्यक्षांत काय घडलें, आणि पुढच्या खेपेस काय बदलाल. पालकांसही विनंती आहे. मूल घरीं आलें म्हणजे ‘किती गुण मिळाले?’ हें अवश्य विचारा. पण त्यामागून ‘काय करून पाहिलेंस?’ हेंही विचारा. पी हळद आणि हो गोरी असें यांत होणार नाहीं. पहिला प्रयत्न आरोळ्यांचाही फसला होता.

आम्हीही त्या दिवसापासून प्रथमोपचाराचा धडा फळ्यावर संपवीत नाहीं. तो आतां मैदानावर होतो, आणि त्या तासाला शिपाईमामांस आम्ही आग्रहानें बोलावितों.