करणी कोणाची?

मेळघाट म्हटलं की तुम्हाला वाघ आठवतो, चिखलदऱ्याची थंडी आठवते. मला रेट्याखेडा आठवतं.

३० डिसेंबर २०२४. चिखलदरा तालुक्यातलं हे गाव. सत्तरी ओलांडलेल्या एका म्हातारीवर जादूटोण्याचा आळ घेतला. बांधून मारलं. सळईचे चटके दिले. मूत पाजलं. गळ्यात चपलांचा हार घालून धिंड काढली. पोलिसांत सुरुवातीला नोंद झाली ती नुसत्या मारहाणीची. जानेवारीत पेपरात बोंब उठली, तेव्हा कुठं साहेबलोकांना जादूटोणाविरोधी कायदा आठवला.

अमरावती-अकोल्याच्या कँटीनमधला शिकलेला माणूस यावर म्हणतो, "अडाणी लोकं बाप्पा. शिकतीन तवा सुधरतीन." साफ खोटं! १६९२ साली अमेरिकेतल्या सेलमला चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फासावर चढवलं. त्या कोर्टाचा मुख्य न्यायाधीश स्टॉटन हार्वर्डमध्ये शिकलेला होता. आणि पहिल्या तिघींत कोण होत्या? टिटुबा नावाची गुलाम बाई. दारोदार मागून खाणारी सारा गुड. आजारानं खंगलेली सारा ऑस्बर्न. शिक्षणानं चेटकीण मेली नाही. तिला मारायला कागदपत्रं तेवढी तयार झाली.

चेटकीण अशीच ठरते. जिच्या मागं माणूस नाही, ती. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या वणी खुर्दला भानामतीच्या संशयावरून दलित म्हाताऱ्या माणसांना, बायांना भर चौकात बांधून मारलं. मालदाराची बायको चेटकीण निघाल्याचं कधी ऐकलं का? भगताच्या अंगातल्या देवाला माणसाची ऐपत बरोबर कळते, लेकहो.

आणि यात फायदा कोणाचा? मेळघाटातले बालमृत्यू १९९० च्या दशकापासून मुंबई हायकोर्टात गाजून राह्यले. लेकरू मरतं ते उपाशी आईच्या पोटी जन्मलं म्हणून, डॉक्टरपर्यंत पोचलं नाही म्हणून. त्याचा जाब सरकारला विचारायचा, तो विचारला जातो शेजारच्या म्हातारीला. चेटकीण सापडली की मंत्री सुटला! म्हणून मी म्हणतो, ही नुसती अंधश्रद्धा नव्हे. हे राजकारण आहे.

कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा वर्षानुवर्षं रखडलेला हा कायदा आधी अध्यादेश म्हणून निघाला आणि डिसेंबरात मंजूर झाला. एका माणसाचं रक्त सांडल्यावर मिळालेला कायदा ठाण्याच्या कपाटात पडू द्यायचा काय?

आता आपल्या वस्तीत या. भिंतीवर बाबासाहेब. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. अन् पोराला ताप आला की लिंबू उतरवणं सुरू. "त्या रांडमुंडीची नजर लागली." हीच ती पहिली पायरी. रेट्याखेड्याचा रस्ता आपल्या उंबऱ्यावरून जातो. दुसऱ्याला अडाणी म्हणायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

भाषणं पुरे. या कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. आपल्या ठाण्याचा दक्षता अधिकारी कोण, ते जाऊन विचारा. नाव सांगता येत नसेल तर सांगेपर्यंत तिथंच बसा. जिच्यावर आळ आला, तिच्या दारात गाव जमायच्या आत आपण उभं राहायचं. आणि भगताला एकच विचारायचं: लेकरू कशानं मेलं ते तू सांगतोस, मग दवाखान्यात डॉक्टर का नाही, तेही सांग ना!