भिंतीवरचं घड्याळ आणि बीपीचं मशीन

या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका आजींचं बीपीचं मशीन भंगारात जाता जाता वाचलं. बटण दाबलं की पंप घुरघुरायचा, दंडावरचा पट्टा अर्धवट फुगायचा आणि पडदा विझायचा. मुलाने नवं मशीन मागवायचं ठरवलंच होतं. पण मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. आत चार स्वस्त पेन्सिल सेल होते, तेही कोरे करकरीत. ‘सेल काय, सगळे सारखेच,’ म्हणून दुकानदाराने हाताला लागले ते दिले होते. चांगले सेल घातले, मशीन सुरू झालं. या ‘सगळे सारखेच’चा मला मनापासून संताप येतो.

सारखे नसतात, आणि तसं सेलवर छापलेलंही असतं. वस्तूवर छापलेलं वाचा हा माझा जुना हेका, इथेही तोच. आर ६ म्हणजे कार्बन-झिंक, एलआर ६ म्हणजे अल्कलाइन. दोघांचा आकार एक, दोघांवर दीड व्होल्टच लिहिलेलं, म्हणून लोक फसतात. पण हा दीड व्होल्ट सेल नुसता पडून असतानाचा. कामाला जुंपल्यावर त्यातला किती उरतो, ते पाहायला हवं.

भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाला एकदा काटा ढकलायचा असतो. त्याला सरासरी एक मिलिअँपियरसुद्धा लागत नाही. तिथे साधा कार्बन-झिंक सेल वर्षभर आरामात चालतो. महाग सेल घालणं म्हणजे पैसे वाया. बीपीच्या मशीनचं काम एखाद-दुसऱ्या मिनिटाचं, पण त्यात मोटर फिरवून पट्ट्यात हवा भरायची असते. मोटर एका दमात शेकडो मिलिअँपियर मागते. कार्बन-झिंकचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे एवढा प्रवाह ओढला की व्होल्टेज सेलच्या आतच खर्ची पडतं. अशा चार सेलांची घट एकत्र झाली की मशीनला वाटतं, बॅटरी संपली. अल्कलाइनमध्ये जस्ताचं डबडं नसून भुकटी असते. तिचा पृष्ठभाग कितीतरी मोठा, म्हणून ती जास्त प्रवाह सहज पुरवते. म्हणूनच आजींच्या मशीनने ‘संपलेले’ ठरवलेले तेच चार सेल घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये अजून कितीतरी महिने चालतील. ते फेकू नका, असं मी त्यांना सांगून आलो. अशी किती धडधाकट मशीनं बिघडली म्हणून कपाटात पडली असतील! पुष्कळ असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चार्जिंगचे सेल खेळण्यांना आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशला उत्तम. त्यांचं व्होल्टेज १.२ असतं, बीपीच्या मशीनमध्ये घालायचे तर आधी त्याची माहितीपुस्तिका पाहा. नवे-जुने सेल मात्र कुठेच एकत्र घालू नका. त्यातला कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे तरी त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि तो पाझरतो. घड्याळातला सेलही वर्षाने बदला, काटे फिरत असले तरी. कार्बन-झिंकमध्ये जस्ताचं डबडंच झिजत असतं, आणि ते फुटलं की आतलं रसायन घड्याळाच्या पट्ट्या खाऊन टाकतं.

ज्या घरात रोज रक्तदाब मोजून डॉक्टरांना कळवायचा असतो, तिथे ही किरकोळ गोष्ट नाही. मशीन अर्ध्यात बंद पडलं की त्या दिवशीची नोंद राहून जाते, आणि म्हाताऱ्या माणसाचा मशीनवरचा विश्वासही उडतो. म्हणून दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: सेल मागायला कोणी आलं, तर कशासाठी हवेत ते आधी विचारा. आणि बीपीच्या मशीनसाठी हवे असतील, तर एलआर लिहिलेलेच द्या.